सिलिंडरवरची लाल रेघ

"माझ्या वडिलांच्या मुठीत पाना होता, असं पंचनाम्यात लिहिलंय," शीतल म्हणाली. "ते खोटं आहे."

तिनं पंचनाम्याची प्रत टेबलावर ठेवली आणि तिच्या कडा सरळ केल्या. ती जाफराबादच्या शाळेत मराठी शिकवायची. वडील जाऊन बारा दिवस झाले होते. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण प्रत्येक वाक्यानंतर ती ओठ घट्ट मिटत होती.

शिवकन्येनं प्रत उचलली. जालन्यात खाजगी तपासाचं काम सुरू करण्याआधी पंधरा वर्षं तिनं विम्यासाठी अपघातांची पाहणी केली होती. तिच्या शेजारी निवृत्त हवालदार रामराव बसले होते. ते तिचे सहकारी, आणि घाई त्यांना ठाऊक नव्हती.

"पेंटबॉल म्हणजे ते रंगाच्या गोळ्या मारायचं?" त्यांनी विचारलं.

"हो. हसनाबादच्या रस्त्याला राधेश्यामकाकांचं मैदान आहे. बंदुकीला हवेचं छोटं सिलिंडर लावतात, त्याच्या दाबानं गोळी सुटते. त्या बंदुकांची साफसफाई आणि देखभाल अण्णा, म्हणजे माझे वडील बद्रीनाथ, करायचे. मैदानावर सगळे त्यांना मामा म्हणायचे. आधी गोळ्या काढायच्या, मग सिलिंडर, आणि मगच ओलं फडकं. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही."

"पोलिसांचं म्हणणं?"

"राधेश्यामकाकांचं म्हणणं तेच पोलिसांचं. बंदूक साफ करून झाल्यावर अण्णांनी सिलिंडर काढून घेतलं आणि गळती थांबवायला त्याचा व्हॉल्व्ह पान्यानं खोलला. सिलिंडर उडून छातीत बसलं. 'मृताचा स्वतःचा हलगर्जीपणा.'" ती थांबली. "दहाव्याला नदीवर सगळी भावकी पिंडाला कावळा शिवायची वाट बघत उभी होती. तिथं काका मोठ्यानं म्हणाले, म्हातारा कुणाचं ऐकत नव्हता. लोकांनी माना हलवल्या."

"माना हलवल्या?" रामराव उसळले. "त्याच मैदानावर घाम गाळला ना माणसानं?"

"सहा वर्षं. आणि अण्णांनी व्हॉल्व्हला कधी हात लावला नसता. व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या सांध्यावर ते लाल रेघ ओढून ठेवायचे. व्हॉल्व्ह जरा जरी फिरला, तरी रेघेचे दोन तुकडे दिसतात. तसं दिसलं की ते सिलिंडर बाद."

"रेघ कशाची?"

"नेलपॉलिशची. पहिली बाटली माझीच होती, लग्नानंतर घरी राहिलेली." तिनं खिडकीकडे पाहिलं. "परवा तिथं शाळेची सहल येणार आहे. सिलिंडरं तीच आहेत."

शिवकन्या उठली. "चला."

*

मैदानावर पोलीस ठाण्याच्या जमादारांनी बंदुकांच्या खोलीचं सील काढलं. पत्र्याच्या छताला सिलिंडर आपटल्याचा खोल पोचा होता. जमिनीवर पाण्याची बादली. पाणी इतकं नितळ, की तळातला आकडा वाचता येत होता. बादलीच्या काठावर फडकं, घडी न मोडलेलं.

टेबलावर ती बंदूक होती. शिवकन्येनं नळीत बॅटरी मारली. आत पिवळा रंग वाळून बसला होता. बंदुकीच्या खालच्या तोंडात, जिथं सिलिंडर बसतं तिथं, बोटभर पितळी तुकडा घट्ट अडकलेला होता. भिंतीवरच्या बाकी बंदुकांची ती तोंडं रिकामी होती.

"हा तुकडा बंदुकीचाच असंल," रामराव म्हणाले.

शिवकन्या भिंग लावून बघत होती. पितळेवर पान्याच्या दातांचे ताजे ओरखडे होते आणि एक लाल खूण. "रामराव, ओरखडे दिसतात?"

"दिसतात की. म्हंजी पाना लागलाय. राधेश्याम खरं बोलला म्हणायचं."

"लाल रंग ओरखड्यांच्या खाली आहे की वर?"

रामरावांनी बराच वेळ पाहिलं. "रंग खाचेत उतरलाय. वर आहे. मंग?"

"मग बाकीच्यांना भेटू."

*

बिरू मैदानावर खेळाडूंना बंदुका देणारा, चाळिशीचा गडी. शीतलला पाहून त्यानं टोपी काढली.

"सात नंबरचं सिलिंडर सकाळपून फुसफुस करू राह्यलं होतं, बाई. मामानं बाजूला ठिवलं. दुपारी मामा जेवायला गेल्ते. परत आले तं सात नंबर एका पोराच्या बंदुकीला. मॅनेजर राजानंद म्हणला, बाहेरचा वायसर बदलला, बराबर झालं. मामानं लांबूनच रेघ पाह्यली अन् गप्प झाले."

"रेघ अखंड होती?"

"बिलकुल अखंड. न्हाईतं मामानं खेळ बंद पाडला असता."

"आवाज झाला तेव्हा?"

"मीच पहिला आत गेल्तो. मामाचे दोन्ही हात हातात घेऊन हाका मारल्या." बिरूनं टोपीनं डोळे पुसले. "मंग जीप आणायला पळालो. आलो तं राधेश्यामशेठ आत, दार लावलेलं. म्हणले, थांब."

"गोळ्या कोणत्या रंगाच्या वापरता?"

"पिवळ्या अन् निळ्या. लाल बंद केल्या. पोरांच्या आया घाबरतात, रक्तावानी दिसतं. एक पेटी राह्यली, ती राजानंदच्या कपाटात."

व्यवस्थापक राजानंद पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट. "मी फक्त बाहेरचा वायसर बदलला, मॅडम. व्हॉल्व्हला हात लावला नाही. मामांची ती रेघ मोडली असती ना!"

"त्या रेघेची तुम्हाला माहिती होती?"

"सगळ्यांनाच होती. आमच्याच लाल गोळ्या फोडून त्या रंगाची ओढायचे. फुकटचा रंग." तो हसला. शीतलनं मान वर केली, पण शिवकन्येनं तिच्या हातावर हात ठेवला.

राधेश्याम बसायलाही तयार नव्हता. "ताई, मेलेल्या माणसावर किती दिवस बोलायचं? पाना त्याच्या मुठीत होता. मी स्वतः पाह्यला. आता मला मैदान चालू करायचंय."

*

शिवकन्येनं सगळ्यांना बंदुकांच्या खोलीत बोलावलं. जमादार दाराशी उभे राहिले.

"राधेश्यामराव, तुम्ही जबाबात म्हणता, बंदूक साफ करून झाली होती. जमादारसाहेब, नळीत बघा."

"पिवळा रंग आहे."

"पाणी नितळ, फडक्याची घडीही मोडलेली नाही. साफसफाई सुरूच झाली नव्हती. बद्रीनाथमामा दुसऱ्या पायरीवर होते, सिलिंडर काढायच्या. ते हातानं फिरवून काढतात, पाना लागत नाही. सिलिंडर सुटलं की व्हॉल्व्ह त्याच्यासोबत येतो आणि हवा आपोआप कोंडून ठेवतो. त्या दिवशी व्हॉल्व्ह आला नाही." तिनं पितळी तुकड्यावर बोट ठेवलं. "हाच तो व्हॉल्व्ह. अजून बंदुकीतच आहे. सिलिंडर आधीच काढलेलं असतं, तर तो इथं कसा राहिला असता? सिलिंडर बंदुकीवरून फिरवताना व्हॉल्व्हच्या ढिल्या आट्यांवरून निसटलं."

"मंग ओरखडे कसले?" राधेश्याम म्हणाला.

"पान्याचेच. पण लाल रेघ त्यांच्यावरून गेली आहे. म्हणजे पाना आधी, रेघ नंतर. आणि खेळ चालू असताना मामांना ती रेघ अखंड दिसली होती. मग पाना त्याच्याही आधी लागला, मामा जेवायला गेले तेव्हा."

तिनं कोपऱ्यातल्या माठातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि लाल खुणेवरून फिरवलं. बोट लाल झालं.

"नेलपॉलिश पाण्यानं जात नाही. गोळीतला रंग जातो. शीतलला ठाऊक होतं मामा काय वापरायचे. इथल्या एकाच माणसाला वाटत होतं की ती रेघ गोळीच्या रंगाची असते. लाल गोळ्यांची पेटीही त्याच्याच कपाटात आहे."

राजानंदचा चेहरा उतरला. "मी... आतला वायसर बदलला. तीस जणांचा गट आल्ता. व्हॉल्व्ह परत घट्ट केलाय असं वाटलं मला."

"खोटं!" शिवकन्येचा आवाज पहिल्यांदाच चढला. "व्हॉल्व्ह पूर्ण बसला असता तर जुन्या रेघेचे दोन तुकडे आपोआप जुळले असते. ते जुळले नाहीत. ती रेघ तुम्हाला सांगत होती, की हे ढिलं आहे, पोरांच्या हातात देऊ नका. तुम्ही व्हॉल्व्ह घट्ट केला नाही. रेघ खरवडली आणि जुळलेली दिसेल अशी नवी ओढली. त्या माणसाचा स्वतःच्या खुणेवर विश्वास होता. त्याच विश्वासानं त्याचा जीव घेतला."



"अन् मुठीतला पाना?" रामरावांनी हळूच विचारलं.

"बिरूनं मामांचे दोन्ही हात हातात घेतले होते. दोन्ही, रामराव. मुठीत पाना असता तर ते जमलं असतं? बिरू जीप आणायला गेला आणि दार लावून आत एकच माणूस राहिला."

रामराव सावकाश उठले आणि राधेश्यामसमोर जाऊन उभे राहिले. "तीस वर्षं वर्दीत काढली मी. चोर पाह्यले, खुनी पाह्यले. मेलेल्याची बोटं उघडून त्यात पाना कोंबणारा आज पाह्यला."

राधेश्यामनं नजर टाळली. "मैदान बंद पडलं असतं. बद्रीनाथ तर गेलाच होता..." मग तो शीतलकडे वळला. "पोरी, मी घरी येतो. तुझ्या आईची माफी मागतो."

"घरी नको." शीतलचा आवाज तसाच, न चढलेला. "उद्या तेरावा आहे. मांडवात सगळी भावकी असेल. नदीवर जेवढ्या मोठ्यानं बोललात, तेवढ्याच मोठ्यानं तिथं बोला."

राधेश्यामनं जमादारांकडे पाहिलं.

"जबाब आज नोंदवतो," जमादार म्हणाले. "सिलिंडरं सगळी जप्त. उद्या मांडवात मी स्वतः घेऊन येतो यांना."

*

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगती बसण्याआधी राधेश्याम मांडवात उभा राहिला. शेजारी जमादार. तो जमिनीकडे पाहत काहीतरी पुटपुटला.

"ऐकू येईना!" मागून बिरू ओरडला.

शीतल वडिलांच्या फोटोशेजारी बसली होती. फोटोपुढे अर्धी संपलेली नेलपॉलिशची बाटली ठेवलेली होती.

"पुन्हा सांगा, काका," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली आणि पुन्हा सांगितलं. या वेळी शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही ऐकू गेलं.