टाकीशेजारचा तांबूस तारा

अर्पिताच्या लग्नात भटजींना भलतीच घाई होती. भोकरदनला त्यांना दुसरं लग्न लावायचं होतं. गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या, सप्तपदी कशीबशी उरकली आणि महाराज मोटारसायकलवर बसून पसार! ध्रुव दाखवायचा राहूनच गेला. मग नवरदेवाचे चुलते रामराव पुढे सरसावले.

"त्यात काय एवढं? मी दाखवतो की!"

मी अर्पिताची मोठी बहीण, बदनापूरला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आई गेली तेव्हा अर्पिता सहावीत होती. तेव्हापासून तिची आई मी आणि बापही मीच, त्यामुळे लग्नात तिच्या शेजारून हलले नव्हते. धावडा हे नवरदेवाचं गाव; तिथल्या मांडवाच्या उत्तरेला गावची पाण्याची टाकी होती आणि ध्रुव नेमका टाकीमागे गेला होता. रामरावांनी टाकीच्या उजवीकडे, जरा वर, एक तांबूस ठळक तारा दिसत होता त्याच्याकडे बोट केलं.

तो ध्रुव नव्हताच. ध्रुवमत्स्य या ध्रुवाच्याच तारकासमूहातला, पण ध्रुवाभोवती जन्मभर फिरत राहणारा. नारिंगी राक्षसी तारा म्हणतात असल्याला. म्हातारा होऊन फुगलेला सूर्य.

"काका, तो ध्रुव नाही," मी म्हणाले.

"मास्तरीणबाई, शाळा उद्या भरवा. बोल सूनबाई, दिसला का? याच्यासारखी या घरात ऱ्हाईन म्हण."

अर्पिताने फोटोसाठी चष्मा काढून माझ्या पर्समध्ये टाकला होता. तिला तारा काय, टाकीसुद्धा दिसत नव्हती. ती गप्प उभी राहिली. व्हिडिओवाला कुरकुरत होता, पंगत खोळंबली होती आणि माझं डोकं तापलं. तिच्याऐवजी मीच बोलून टाकलं.

"दिसला हो, दिसला! राहीन म्हणते! चला आता जेवायला."

सगळे हसले. अर्पिताही हसली.

आखाडात तिला माहेरी आणायला गेले. धावड्याला पोचेपर्यंत दिवस मावळत आला होता. कल्याण, म्हणजे तिचा नवरा, अंगणाच्या मधोमध बाजेवर बसला होता. अर्पिता बाजेच्या वरच्या अंगाला, गोठ्याच्या दाराशी उभी होती. मला बघून धावत येईल असं वाटलं होतं, पण ती जागची हलली नाही. अंधार पडला आणि ढगातून एकदोन चांदण्या दिसल्या, तेव्हा भानावर आल्यासारखी म्हणाली, "अगं ताई, कधी आलीस?"

माहेरी यायला मात्र तिने नकार दिला. नवी नवरी, रमली असेल. मी मुकाट्याने परत आले.

गौरींना गेले तेव्हा ती गोठ्यापासून डावीकडे, कडब्याच्या गंजीजवळ उभी होती. बाज तिथेच होती आणि कल्याणही तिथेच. तिची सासू उषाबाई चुलीपाशी बसून फुत्कारल्या, "दिवस मावळला का तुमची पोरगी अशी उभी ऱ्हाती. आवाज देला तरी न्हाई. अन् माह्या पोराला बाजेवरून उठू देत न्हाई. काय शिकवून धाडलं तिला?"

"तुमचा पोरगा स्वतःच्या पायाने उठू शकत नाही का?" मी विचारलं.

उषाबाईंनी चुलीत लाकूड सारलं. कल्याण आमच्याकडे बघत होता. फक्त डोळे हलत होते.

दिवाळीत भाऊबीज झाल्यावर पुन्हा गेले. गावातली माणसं आता माझ्याकडे बघून दार लोटून घेत होती. या वेळी अर्पिता बाजेच्या थेट डावीकडे, मिरच्यांच्या वाळवणाशी उभी होती. मिरचीच्या खाटाने मला ठसका लागला. तिला शिंकही आली नाही. बाजेपासून तिचं अंतर मात्र आखाडात होतं तेवढंच होतं. मी सहज उत्तरेला मान वर केली.

ध्रुवाच्या थेट डावीकडे तो तारा होता.

हा तारा रोज दिवेलागणीला पाहिला तर दर महिन्याला थोडा पुढे सरकलेला दिसतो. वर्षात त्याची एक फेरी पुरी होते. आखाडात तो ध्रुवाच्या डोक्यावर असतो. गौरींना डावीकडे कलतो. संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत सर्वांत खाली, जमिनीला टेकल्यासारखा. हे मी मुलांना फळ्यावर काढून दाखवते.

इथे बाज ध्रुवाच्या जागी होती आणि अर्पिता त्या ताऱ्याच्या. मी बाजेच्या खालच्या अंगाला बघितलं. तिथे पायऱ्यांची जुनी विहीर होती, कठडा नसलेली.

पौषात मी गाडी करूनच गेले. उषाबाई दारात आडव्या आल्या.

"पहिली संक्रांत हाय. काळी साडी आणली, हलव्याचे दागिने करून ठेवले. बिलकुल न्यायचं न्हाई!"

"दागिने तुम्हीच घाला," मी म्हणाले आणि अंगणात शिरले.

अर्पिता विहिरीच्या काठावर होती. टाचा काठावर, बोटं पुढे अधांतरी. मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. हात बर्फासारखा गार होता. अंगात एवढं बळ कुठून आलं होतं तिच्या कोण जाणे, ती विहिरीकडेच ओढत होती.

"ताई, मला उभं करतो गं तो."

"कोण?"

तिने उत्तरेकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. चष्म्यामागे डोळे भरून आले होते.

"पण मी तर लग्नाच्या दिवशी काही बोललेच नव्हते."

मी तिला गाडीत कोंबलं. गाडी फाटकातून निघाली तेव्हा कल्याण बाजेवरून उठला, आळस दिला आणि आईकडे चहा मागितला.

बदनापूरला आल्यावर अर्पिता दोन दिवसांत सावरली. जेवू लागली, भांडू लागली. संक्रांतीला तिने तिळाच्या वड्या थापल्या, त्या दगडासारख्या झाल्या, आणि आम्ही दोघी हसून हसून दमलो. माझं लेकरू मला परत मिळालं होतं.

संध्याकाळी देवापाशी दिवा लावायला मी काडी ओढली.

फोन वाजत होता. उषाबाईंचा. आवाजातला ताठा गेला होता.

"ताई, कल्याण पुन्हा बाजेवर बसून राह्यला. हालत न्हाई."

"अर्पिता इथे आहे. माझ्यासमोर आहे."

"तिचं न्हाई म्हणून राह्यले. विहिरीत दुसरंच माणूस उभं ऱ्हातंय. काल काठावर होतं. आज दोन पायऱ्या खाली, पाण्यात."

"कोण आहे?"

"मी आवाज देला, मंग मागं वळलं. तुमीच हाव की. मला म्हणता, दिसला हो, दिसला."

फोन कट झाला. खिडकीबाहेर पूर्ण अंधार पडला होता. दिवा लागलेलाच नव्हता. काडी माझ्या बोटांत होती, भिजून मऊ झालेली.

अर्पिता वड्यांचा डबा घेऊन आत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"ताई, तुझी साडी गुडघ्यापर्यंत ओली कशी?"