हिंदुराव वस्तादांच्या पोटातला साबुदाणा

आधीच सांगून ठेवतो, यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. माझी सख्खी बायको ठेवत नव्हती, तिथे तुम्ही काय ठेवणार! पण मी, केरबा चौगुले, एका जिवंत पैलवानाच्या पोटात सव्वा तास हिंडून आलो आहे. पायात गमबूट घालून. आणि येताना आतली एक गाठ बाहेर घेऊन आलो. पैलवानाच्या पोटावर सुरीचा ओरखडा नाही की एक टाका नाही. आता सांगा, गाठ बाहेर आली कशी?

हेच कोडं मी जुई मगदूमला घातलं, तेव्हा ती रुग्णालयाच्या बागेत माझ्या शेजारी बाकावर बसली होती आणि कोडी सोडवण्याच्या मनःस्थितीत अजिबात नव्हती. जुई आमच्या शेजारची, वय वर्षं दहा. साल होतं दोन हजार एकाहत्तर, वेळ सकाळी साडेनऊची. तिच्या आईने, म्हणजे शाल्मलीने, आत नुकताच मुंगळा गिळला होता.

घाबरू नका. मुंगळा म्हणजे चिंचोक्याएवढा यंत्रमानव. घोटभर पाण्याबरोबर तो गिळायचा. पोटात पोचला की तो सहा पाय उघडतो, कपाळावरचा दिवा लावतो, आणि डॉक्टर बाहेर बसून चुंबकाच्या जोरावर त्याला हवा तिकडे चालवतात. त्याच्या तोंडात कॅमेरा, सुई, चिमटा आणि केसाएवढी सुरी असा सगळा संसार असतो.

महिन्यापूर्वी नेहमीच्या तपासणीत अशाच एका मुंगळ्याला शाल्मलीच्या जठरात (अन्न घुसळणाऱ्या पोटातल्या पिशवीत) एक डाग दिसला होता. ते होतं अर्बुद (पेशींनी शिस्त सोडून वाढत सुटल्यामुळे होणारी गाठ). अगदी नुकतं सुरू झालेलं. आज ते काढायचं होतं; पण ते वरवर असलं तरच. खोल गेलेलं असलं तर मुंगळा परत बोलवायचा आणि मग पोट उघडून मोठी शस्त्रक्रिया. जुईच्या आजीलाही हेच झालं होतं आणि ते फार उशिरा कळलं होतं. आजी जुईला फोटोतूनच ठाऊक होती. बाकीचं सगळं मात्र तिला नीट ठाऊक होतं. दहा वर्षांच्या मुलांना आपल्या अंदाजापेक्षा पुष्कळच ठाऊक असतं.

तिचे बाबा आत जाताना मला हळूच म्हणाले होते, "केरबाकाका, तिला जरा बोलण्यात गुंतवा." आणि बोलण्यात गुंतवायचं म्हटलं की मला कुणी दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

"पोटात शिरलो तर काय!" मी सुरुवात केली. "सगळीकडे लाल लाल मऊ गालिचे. वर वस्तादांचं काळीज हलगीसारखं वाजतंय. खाली आम्लाचं डबकं (जठरात पाझरणारा आंबट, जळजळीत रस). त्यात पाय पडला आणि माझ्या बुटाचा तळवाच विरघळला. मग काय, लंगडी घालत..."

"आजोबा," जुई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुम्ही मावलात कसे?"

"अगं, तेव्हा मी बारीक होतो."

"खरं सांगा ना. आज तरी."

त्या 'आज तरी'ने माझे गमबूट काढून घेतले. म्हटलं, ठीक आहे. आज तरी.

"मी नव्हतो गेलो. माझे डोळे गेले होते," मी म्हणालो. "पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी कोल्हापुरात एका रुग्णालयात दुर्बिणी धुवायचं काम करायचो. एंडोस्कोप म्हणायचे त्याला (शरीराच्या आत उतरणारी दुर्बीण). करंगळीएवढी जाड, लांबलचक, काळी नळी. टोकाला दिवा आणि कॅमेरा, आतून पाणी सोडायला एक वाट, अवजारं घालायला दुसरी. तोंडातून घशात, घशातून अन्ननलिकेत (घास पोटात नेणाऱ्या नळीत) आणि तिथून जठरात. आत जे दिसेल ते आमच्या पडद्यावर."

सांगता सांगता मला ती खोली दिसायला लागली. हिरवा पडदा. कपाटात उलट्या टांगलेल्या दुर्बिणी, न्हाऊन केस वाळवत उभ्या असल्यासारख्या. एकेक दुर्बीण मी ब्रश घालून आतून बाहेरून अशी धुवायचो, की डॉक्टर शिरोळकर मॅडम म्हणायच्या, "केरबा, तू हिचं लग्न लावून देणार आहेस का?" मॅडम काम करताना गुणगुणायच्या. कुठलं गाणं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. गुणगुणणं थांबलं की आम्ही समजायचो, आत काहीतरी सापडलं. आता त्या दुर्बिणी संग्रहालयात आहेत. मी एकदा जाऊन काचेवरून हात फिरवून आलो. पहारेकऱ्याने हटकलं. त्याला काय सांगणार?

"आणि पैलवान?" जुईने विचारलं. चला, मासा गळाला लागला.

"हिंदुराव वस्ताद. साठीचा माणूस, पण खोलीत शिरला की तालमीतल्या तांबड्या मातीचा वास यायचा, ताक-हळद घालून मळलेल्या. भूक कमी झाली म्हणून आले होते. भूक कमी म्हणजे, दहाऐवजी सात भाकऱ्या. मॅडमनी बजावलं, उद्या दुर्बीण घालायची आहे, रात्रीपासून उपास करा. सकाळी दुर्बीण आत गेली, पडद्यावर पोट उघडलं, आणि मॅडमचं गुणगुणणं बंद! जिकडे तिकडे पांढरे, चकचकीत, गोल गोल गोळे. माझी तर बोबडी वळली. एवढ्या गाठी?"

जुईने माझी बाही पकडली.

"मॅडमनी पाण्याची धार सोडली. गोळे तरंगायला लागले. मॅडमनी दुर्बीण ताबडतोब बाहेर काढली आणि विचारलं, 'वस्ताद, सकाळी काय खाल्लंत?' वस्ताद दुखावले. म्हणाले, 'अन्नाला शिवलो न्हाई ओ मॅडम. उपास करा म्हणालासा, मग साबुदाण्याची खिचडी खाल्ली. कूट घालून, वाईच तुपातली.'"

जुई हसली. त्या सकाळी पहिल्यांदाच. मलाही बरं वाटलं.

"मॅडम म्हणाल्या, 'अहो, देवाचा उपास नव्हे, दुर्बिणीचा! तिला एकादशी कळत नाही. उलटी होऊन अन्न श्वासात गेलं असतं म्हणजे?' आणि त्यांना घरी पाठवलं. पण मॅडम काही त्या पडद्यासमोरून उठेनात. चित्रीकरण मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, 'केरबा, पाण्याच्या धारेने सगळे साबुदाणे हलले. हा एक का हलला नाही?'"

"कारण तो साबुदाणा नव्हता," जुई हळू आवाजात म्हणाली.

"नव्हता. दुसऱ्या दिवशी कोऱ्या करकरीत उपाशी पोटी पाहिलं, तर तो तिथेच बसलेला. नखाएवढा उंचवटा, कडेने लालसर. कणीएवढा तुकडा काढून तपासला. अर्बुद. खिचडी नसती तर मॅडमनी एवढ्या वेळा ते चित्रीकरण पाहिलं असतं की नाही, कोण जाणे. वस्तादांना सांगितलं तर त्या पहाडासारख्या माणसाने आपल्या पोटावर हात ठेवला. म्हणाले, 'अर्धं पोट कापशीला, तर अर्धाच वस्ताद उरंल की ओ.'"

जुईने माझी बाही आणखी घट्ट धरली. मग तिने तो प्रश्न विचारला, जो ती सकाळपासून तोंडात धरून बसली होती. "खोल गेलंय की नाही, हे आत न कापता कळतं कसं?"

"थालीपीठ लावताना कधी पाहिलंस?"

"आजोबा!"

"थाप नाही, शास्त्र आहे. जठराची भिंत एका थराची नसते. आत सगळ्यात वर ओलं, मऊ अस्तर. त्याच्या खाली भुसभुशीत थर, त्यातून रक्ताच्या बारीक वाहिन्या जातात. त्याच्या खाली स्नायूंचा जाड थर, घुसळण्याचं काम करणारा. अर्बुद सुरू होतं ते वरच्या अस्तरात. हळूहळू खाली मुळं सोडतं. आता तव्यावर थालीपीठ थापलं, की आई मध्ये बोटाने भोकं का पाडते?"

"तेल सोडायला. तेल खाली गेलं की ते तव्यापासून सुटतं."

"बस्स! मॅडमनी दुर्बिणीतून बारीक सुई नेली आणि उंचवट्याच्या खाली, त्या भुसभुशीत थरात, निळा रंग घातलेलं मिठाचं पाणी सोडलं. गाठ वरच्या अस्तरातच असेल, तर पाण्याबरोबर तीही फुग्यासारखी वर उठते. आणि मुळं खाली स्नायूत रुतली असतील..."

"तर तेवढी जागा उठणार नाही. करपून तव्याला धरल्यासारखी."

"मॅडमनी तुला नोकरीवर ठेवलं असतं, मला काढून."

जुई रुग्णालयाच्या दाराकडे बघत राहिली. आत, कुठल्यातरी पडद्यावर, मुंगळा त्याच क्षणी तीच सुई टोचत असेल, हे तिलाही कळलं होतं आणि मलाही. मी सत्तरीचा माणूस, जन्मभर तोंडाची टकळी चालवली, पण तेव्हा मी नुसती दारावरच्या घड्याळातली मिनिटं मोजली. तिचा हात माझ्या बाहीवरून हातात आला होता.

इतक्यात दार उघडलं आणि तिचे बाबा धावत बाहेर आले. एका पायात चप्पल नव्हती. "उठला!" ते ओरडले. "जुई, डॉक्टर म्हणाले, पूर्ण उठला! म्हणजे काय ते मी विचारलंच नाही. चांगलंच असणार ना?"

"बाबा!" जुई उडालीच. "म्हणजे ते वरच्या अस्तरातच आहे! खाली मुळं गेलेली दिसत नाहीत! आता मुंगळा कडेने कापत जाणार आणि सोलून काढणार. हो ना आजोबा?"

"हो," मी म्हणालो. "आधी भोवती ठिपके द्यायचे, शिंप्याने खडूने द्यावेत तसे. मग विजेने तापवलेल्या बारीक सुरीने ठिपक्यांच्या बाहेरून कापायचं आणि खालच्या निळ्या थरातून अलगद सोलायचं. रक्त आलं तर तीच सुरी डाग देऊन थांबवते. खालचा स्नायू शाबूत राहतो, म्हणून पोटाला भोक पडत नाही. आत उरते फक्त एक उघडी जखम, ती काही आठवड्यांत भरते. वस्तादांची गाठही अशीच वर उठली, आणि मॅडमनी ती सोलून, चिमट्यात धरून तोंडावाटेच बाहेर आणली. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, कडेला किंवा तळाला काही राहिलं नाही ना, ते बघायला. तोवर पेढे वाटायचे नाहीत."

बाबा आत पळाले, चप्पल शोधत. जुई पुन्हा बाकावर बसली, पण या वेळी पाय हलवत. म्हणाली, "मॅडम किती हुशार होत्या ना. तुमच्याकडे मुंगळा नव्हता, तरी त्यांनी केलं."

"नळी होती, हात होते आणि गुणगुणणं होतं," मी म्हणालो. "तू मोठी होशील तेव्हा मुंगळाही म्हातारा झालेला असेल. डाग पडायच्या आधीच बिघडलेल्या पेशीला ओळखणारं काहीतरी तुम्हीच काढाल."

"काढू. पण वस्तादांचं पुढे काय झालं?"

तिचा रंग परत आला होता, आणि माझी जीभही. म्हटलं, आता काय भीती आहे!

"काय व्हायचंय! सोमवारी गाठ काढली. मंगळवारी सकाळी वस्ताद उठले, दंड थोपटले, आणि बसल्या बैठकीला सात भाकऱ्या, किलोभर मटण आणि वर तांबडा रस्सा, चार वाट्या, असा झणझणीत की वाढणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी..."

"थाप!" जुई ताडकन उभी राहिली. बागेतल्या दोन परिचारिका वळून बघायला लागल्या. "साफ खोटं! आत उघडी जखम आहे म्हणालात ना आत्ता? तिच्यावर तांबडा रस्सा? आधी नुसतं पाणी, मग पातळ पेज, मग मऊ भात. आई घरी आली की पेज मी करणार आहे, आणि तुम्ही आमच्याकडे तिखटाचा डबा घेऊन यायचं नाही, सांगून ठेवते!"