कूस बदला

विश्वास ठेवा असा आग्रह मी करणार नाही. पण यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. घडलं ते आमच्याच घरात, आईच्या खोलीत. तेही रात्री नाही...

भरदुपारी.

आईला पक्षाघाताचा झटका आला होता. वाचा गेली, अंग लुळं पडलं. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी हलायची. डोळे मात्र लख्ख. सगळं कळायचं, सांगता काही यायचं नाही.

माझा मोठा भाऊ मशीन दुरुस्तीच्या कामात. दादाने माळ्यावरून आमच्या शाळेच्या दिवसांतला कॉम्प्युटर काढला. कीबोर्डच्या पोटातच सगळं मशीन, पडदा म्हणून टीव्ही जोडायचा.

"हा चालेल?" मी विचारलं.

"आपल्यापेक्षा बरा चालेल. याचे गुडघे दुखत नाहीत."

खपून त्याने एक शेल स्क्रिप्ट लिहिली. म्हणजे कुठलं बटण दाबल्यावर मशीनने काय करायचं, ते हुकूम ओळीने लिहून ठेवले. दोन बटणांवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. लाल पट्टीचं बटण दाबलं की टीव्हीवर 'पाणी'. पिवळ्या पट्टीचं दाबलं की 'कूस बदला'. अक्षरं इंग्रजी, शब्द आपले. सोबत बीप.

आईने पहिल्यांदा पाणी मागितलं, तेव्हा आम्ही दोघंही रडलो.

काही दिवस सगळं सुरळीत चाललं.

मग दुपारचं 'कूस बदला' वाढू लागलं.

मी ओट्यापाशी असायचे. बीप वाजायचा. जायचे, आईला पाठीमागून धरून भिंतीकडे वळवायचे. तिचा श्वास अडकायचा. डोळे विस्फारायचे. मला वाटायचं, दुखत असेल.

"झालं हं आई, झालं," असं म्हणून पाठीवर हात फिरवायचे.

जरा वेळाने तिला उताणी करावी... की पुन्हा बीप.

एका दुपारी मी तिच्या खोलीच्या दारातच उभी होते. बीप वाजला.

टीव्हीवर शब्द उमटले. कूस बदला.

आईचे दोन्ही हात चादरीखाली होते.

संध्याकाळी मी दादाला सांगितलं.

"बटण चिकटत असेल गं," दादा म्हणाला. त्याने सगळं खोलून पुसून काढलं. कुठे काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो स्वतः बसला. मी आईचा हात धरून होते.

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. मग तोही आवाज थांबला...

पिवळं बटण हळूच खाली गेलं. आणि वर आलं.



दादा कीबोर्ड मांडीवर घेऊन बसला. जुने शब्द पुसून टाकले, नवे लिहिले. आता लाल म्हणजे 'हो', पिवळं म्हणजे 'नाही'. बस, एवढंच. कीबोर्ड आईच्या बोटांखाली ठेवला.

"आई, कूस बदलायला तू सांगत होतीस?"

नाही.

"एकदाही?"

नाही.

म्हणजे इतके दिवस मी कुणाचं ऐकत होते?

दादाचा आवाज खाली गेला. "खोलीत आणखी कोणी असतं का?"

आईचं बोट लाल बटणाकडे सरकलं...

हो.

"आत्ता आहे?"

हो.

मी तिचा हात झटकन उचलून छातीशी धरला. कीबोर्डला कुणाचाच हात लागत नव्हता.

बीप वाजला.

कूस बदला.

दादा पांढराफटक पडला. "ते शब्द यात नाहीत," तो पुटपुटला. "मी काढलेत ते. यात नाहीतच ते..."

पुन्हा बीप. पुन्हा. पडदा खालपर्यंत त्याच दोन शब्दांनी भरत गेला.

दादाने वायर उपटली. आईला आम्ही चादरीसकट उचललं आणि बाहेरच्या खोलीत आणलं. तिच्या जुन्या खोलीला कुलूप लागलं ते लागलंच. मशीन दादाने भंगारात दिलं.

त्यानंतर तसं काही झालं नाही. व्यायामाने आईची जीभही थोडी वळू लागली. एकेक शब्द, अडखळत. विचारू नये असं ठरवलं होतं, पण एके दिवशी मला राहवलं नाही.

"आई, भिंतीकडे वळवलं की तू एवढी का घाबरायचीस? तिकडे काय होतं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. नीट, निरखून.

"तिकडे... तू," ती म्हणाली.

"मी?"

"भिंतीशी... तू बसायचीस. गप्प. माझ्याकडे बघत."



ती श्वास घेण्यापुरती थांबली. मग तिनेच मला विचारलं...

"मग... मागून मला धरायला... कोण यायचं?"

"मीच, आई. मीच यायचे," मी सांगितलं. शपथ घेतली. दादालाही सांगायला लावलं.

तिने मान डोलावली. पण आजही मी पाण्याचा पेला पुढे केला, की ती आधी माझा चेहरा बघते. बराच वेळ बघते.

कधी कधी पाणी पीत नाही.