दोन कानांची सुरई

सिद्रामप्पा मास्तरांना चोर आधीच सापडला होता. आता फक्त पुरावा हवा होता.

"उद्या दहाला मी शिवप्रियावर फिर्याद देणार," ते म्हणाले. "त्याआधी तिनं सुरई कुठं विकली तेवढं शोधा."

राजेश्वरी बिराजदार उमरग्यात खासगी तपासाची कामं करी. बहुतेक सोयरिकीच्या चौकशा: मुलगा पितो का, आणि पीत असल्यास कुणाच्या पैशानं. सोबत तिचे मामा उत्तरेश्वर, निवृत्त वायरमन. मामा गाडी चालवत, आणि तपास सुरू झाला की दमत.

मास्तरांच्या गावात, माकणीत, एप्रिलचं ऊन तापलं होतं. मास्तरांनी फाईल उघडली.

"दोन वर्षांपूर्वी आमच्या रानात शेततळं खणताना निघाली. निमुळत्या बुडाची, दोन कानांची."

"माझ्या रानात," आतून पार्वतम्मांचा आवाज आला. "बापानं चोळी-बांगडीला दिलेलं."

मास्तरांना ऐकू आलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी ही कला कमावली होती.

शिवप्रिया त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता विद्यापीठात जुन्या खापरांवर संशोधन करणारी. गेल्या वर्षी तिनं सुरईचा टवका कागदासारखा पातळ घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. मातीत ज्वालामुखीचे कण होते, पण आपल्याकडच्या काळ्या दगडाचे नव्हेत, समुद्रापारचे. आतून राळेचा काळा लेप, दारू झिरपू नये म्हणून. त्यावरून सरकारनं रान ताब्यात घेऊन संरक्षित करायचं ठरत आलं होतं.

मग गेल्या महिन्यात सरकारी माणसांनी आपला वेगळा टवका नेला. अहवाल आला: स्थानिक गाळमाती, जळालेल्या लिदीच्या खुणा, भांडं अगदी अलीकडचं.

"गाव हसतंय," मास्तर म्हणाले. "मास्तर होतो, आता सुरईवाला झालो. खरी सुरई पळवून पोरीनं खोटी ठेवली."

"सुरईच्या कपाटाची किल्ली?"

"कनवटीला. आंघोळीच्या वेळी खुंटीला. घरात ये-जा तिघांचीच: ही, ज्ञानोबा कुंभार आणि शिवप्रिया. सुरईला मी स्वतःही हात लावत नाही, लांबून उदबत्ती ओवाळतो."

राजेश्वरीनं फाईल चाळली. रान सरकारला देण्याच्या संमतीपत्रावर पार्वतम्मांची सही होती, गेल्या श्रावणातली.

मामांना तहान लागली होती. स्वयंपाकघरात तिवईवर कोरडं गोणपाट गुंडाळलेलं भांडं होतं. पार्वतम्मांनी ते कलतं करून तांब्या भरला. मामांनी घोट घेतला आणि तोंड केलं.

"वहिनी, माठातलं पाणी, अन् असं गरम?"

"उन्हाळाच लई हाय."

"घरातले कागद तुम्ही बघता का, काकू?" राजेश्वरीनं विचारलं.

"अय्यो, मला काय कळतंय? गेल्या श्रावणात ब्यांकेची केवायसी म्हनले, सही केली. वर्सात तेवढीच एक."

ज्ञानोबा चाकापाशीच भेटला.

"माती धरणाची, लीद माझ्याच गाढवाची," तो म्हणाला. "केली म्या. पर गिऱ्हाइकाचं नाव सांगत न्हाय. कुंभार हाय, तलाठी न्हाय."

"गिऱ्हाईक बाई की बुवा?"

"मडक्याला कुठं कळतंय?"

शिवप्रिया बसथांब्यावर बसली होती. डोळे सुजलेले. "चौथीत असताना सरांनीच मला पहिलं खापर दाखवलं. फिर्याद झाली की माझं संशोधन संपलं. आणि ते मला चोर म्हणतात, मॅडम."

"सरकारी टवका काढला तेव्हा होतीस?"

"मीच आग्रह धरला होता दुसऱ्या तपासणीचा. साहेब लोक हात लावायला भीत होते. काकूंनी एका कानाला धरून उचलली, टकटक वाजवली आणि टेबलावर आडवी ठेवली."

संध्याकाळी चहाला राजेश्वरीनं सगळ्यांना मास्तरांच्या ओसरीवर बसवलं. मामांनी कोपऱ्यात खुर्ची धरली.

"शिवप्रियानं सुरई बदलली असती, तर तिनंच दुसरी तपासणी मागितली नसती," राजेश्वरी म्हणाली. "चोर स्वतःहून पंच बोलावत नाही. ज्ञानोबांनी भांडं घडवलं, पण गिऱ्हाइकासाठी. मग गिऱ्हाईक कोण? अहवाल यायच्या आधी ती सुरई सगळ्यांच्या लेखी दोन हजार वर्षांची होती. साहेबही तिला भीत होते. एकाच माणसानं ती कानाला धरून उचलली आणि कोरं मडकं घेतल्यासारखी वाजवून पाहिली."

पार्वतम्मांनी चहाचं ताट खाली ठेवलं.

"तू?" मास्तर उठले. "अगं, पण खरी कुठं आहे?"

राजेश्वरीनं स्वयंपाकघराकडं बोट केलं. "दुपारी मामा तिच्यातलं पाणी प्याले."

मामांनी पोटावर हात ठेवला.

"माठ झिरपतो म्हणून पाणी गार होतं," राजेश्वरी म्हणाली. "आतून राळ लावलेलं भांडं झिरपत नाही. गोणपाट कोरडंच, पाणी गरमच. आणि माठात ओगराळं बुडवतात, काकूंनी भांडं कलतं केलं. तोंड अरुंद होतं."

"चाळीस वर्षांचा संसार," मास्तर म्हणाले, "आणि माझ्याशी दगा?"

"त्या केवायसीबद्दल बोला, मास्तर. काकूंनी वर्षात एकच सही केली. बँकेची म्हणून. ती तुमच्या फाईलमधल्या संमतीपत्रावर सापडली."

मास्तर परत खाली बसले.

"मोजणीवाला आला तवा कळलं, रान चाललंय," पार्वतम्मा म्हणाल्या. "मागितलं असतं तर कदाचित दिलंबी असतं. तुमी मागितलंच न्हाय. सुरई खोटी निघाली की रान सुटंल, एवढंच माझ्या डोस्क्यात. पोरीवर आळ येईल हे न्हाय सुचलं. शिवप्रिया, माफ कर गं."

"फसवून घेतलेली सही मागं घेता येते, काकू," राजेश्वरी म्हणाली. "त्याला दुसरं भांडं लागत नाही."

पार्वतम्मांनी भांड्यासकट तिवई बाहेर आणली आणि गोणपाट सोडलं. दोन कान दिसले. मास्तर झपकन पुढं झाले, सुरईला दोन्ही हातांनी कवटाळलं, आतून ती धड आहे का बघितलं. मग त्यांना आठवलं की बायको समोर उभी आहे. आणि शिवप्रियाही.

"मास्तर, फिर्याद?" राजेश्वरीनं विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. शिवप्रियाकडं बघायचं मात्र जमलं नाही. ती उठली, नमस्कार न करता पायरी उतरली. चौथीपासून पहिल्यांदाच.

"भांडं तुमचं," पार्वतम्मा म्हणाल्या. "रान माझं."

मग त्यांनी कपाटातली खोटी सुरई काढली, धुतली आणि पाणी भरून तिवईत ठेवली. तासाभरानं निघताना मामांनी भीत भीत तांब्या मागितला.

गारेगार होतं. मामा दोनदा प्याले. मास्तरांनाही तांब्या दिला गेला. ते तो हातात धरून बसून राहिले.