मधला खांब

"एवढं सगळं दारावर लावणार? मग पाहुण्यांनी आत यायचं कुठून?"

त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं हे. गळ्यात टाय, हॉटेलच्या पायरीवर उभा… आणि चक्क हसत होता. मामाची तंबू लावणारी आमची टोळी पहाटेपासून राबून मेलेली, ट्रकमधून अख्खा तंबू उतरवून बसलेली. ऑर्डरचा इंग्रजी कागद मी वाचला होता. म्हणजे… वाचला असं मामाला ठोकून दिलं होतं. नववीत इंग्रजीच्या सरांशी भांडून शाळा सोडली, आता एकोणिसावं संपत आलं. पण कबूल कोण करणार?

"हसताय काय? टाय जास्त आवळलाय का?"

तो पायरी उतरून खाली आला. मग कागदावर बोट ठेवून हळूच म्हणाला, "हे कॅनोपी. दारावरचं छप्पर. तुम्ही आणलंय ते मार्की… लॉनवरचा मोठा तंबू." आणि मामाकडे वळून मोठ्याने, "काका, चूक आमची. कागद नीट लिहिला नव्हता."

खोटारडा! इतकं सरळ तोंड करून खोटं बोलणारा मी पहिल्यांदाच बघत होते. आणि बघतच राहिले, हे वाईट झालं.

मग त्या हॉटेलात तंबू लावायला गेलं की दर वेळी तो एक इंग्रजी शब्द शिकवायचा. रिसेप्शनच्या टेबलावर चहा ठेवायचा आणि सुरू.

"ऑनिंग. भिंतीतून पुढे आलेलं कापड. त्याला खांब नसतो."

"म्हणजे तुझ्यासारखं. कायम कशाला तरी टेकलेलं."

"आणि तू?"

"मला मामा मेख म्हणतो. रुतले की हलत नाही."

"ते दिसतंच आहे," तो म्हणाला, आणि माझे कान तापले. रागाने. रागानेच असणार…

काल समजलं, त्याची बदली झाली. दुसऱ्या शहरात, आज दुपारची गाडी. सांगितलं कोणी? हॉटेलच्या माळ्याने! त्याने नाही.

आज सलग तिसरा दिवस तंबूचा. पाय दगडाचे झालेले, डोळ्यांत वाळू. तंबू उतरवताना शेवटी एकच माणूस आत राहतो, मधला खांब धरून. बाहेरचे एकेक दोर सोडत येतात, आणि आतून 'सोड' ऐकू आलं की शेवटचा. आतलं माणूस मी.

कापड चारी बाजूंनी उतरत आलं. तेवढ्यात बाजूची कनात उचलून कोणीतरी वाकून आत आलं… टाय एका खांद्यावर उडालेला.

"बाहेर हो. डोक्यावर पडेल."

"पडू दे."

"माळ्याला सांगून झालं ना? जा मग."

"तुला सांगायला तीनदा आलो. तीनदा तू माझ्यावर ओरडलीस." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या नाकासमोर धरला. "हे वाच. शेवटची ऑर्डर."

"आता? हात बघ माझे!"

"हातांनी वाचतात का?"

इतकी दमले होते की भांडायलाही जीव नव्हता. वाचलं. अडखळत, एकेक अक्षर. कॅनोपी, एक. पुढे त्याच्या नव्या खोलीचा पत्ता. लावणार कोण… तिथे तीनच अक्षरं. वाय, ओ, यू.

"म्हणजे मी," मी म्हणाले.

"तारीख रिकामी ठेवलीय. ती तू भर. आणि नको असेल तर… फाडून टाक."

कापड अजून खाली आलं. पांढरा उजेड, गवताचा वास, आणि तो एवढ्या जवळ की त्याचा श्वास मोजता यावा. त्याने कागद आणि पेन माझ्या बोटांत सरकवलं आणि दोन्ही हातांनी खांब धरला. चुकीचा धरला होता, अंगठे बाहेर.

"अंगठे आत घे, वेड्या. सटकेल."

त्याने घेतले.

इंग्रजीतला वार आठवेना. मराठीतच लिहिलं: रविवार. हाच.

त्याने वाचलं, आणि खांब हलला.

"मेख!" बाहेरून मामा ओरडला. "जीव गेला आमचा! सोडू का?"

रोज मीच ओरडते, लवकर आवरा म्हणून. आज मी त्याच्या हातांवर हात ठेवून खांब घट्ट धरला.

"मामा… थांब ना. अजून नको."