शनिवारचं भांडण

दारव्ह्याहून यवतमाळला निघालेल्या काळीपिवळीत मागच्या बाकावर माणसं दाटीवाटीनं बसली होती, आणि स्पृहाच्या ओढणीवरून एक गुलाबी अळी निवांत वर चढत होती.

"हलू नका," शेजारचा तरुण हळूच म्हणाला. "माह्या खोक्यातून निघाली ते."

त्याच्या मांडीवर बुटाचं खोकं होतं, त्यात किडकी बोंडं. दुसरी कुणी असती तर गाडी थांबवली असती. स्पृहानं फोन काढून अळीचे चांगले चारपाच फोटो घेतले आणि मगच त्याच्याकडे पाहिलं. डोळे छान होते... ओशाळलेले, पण छान.

"अजून आहेत?"

"पोरींनी मले आजवर काय काय मागितलं, पण अळ्या..."

"किती पोरींनी?"

यावर तो खिडकीबाहेर बघू लागला. कान मात्र लाल झाले होते, आणि ते स्पृहाला आवडलं. उगाच कशाला लपवायचं, खूपच आवडलं.

त्याचं नाव अतुल. यवतमाळच्या एका कॉलेजात तो तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवायचा. बोंडं त्याच्या आत्याच्या, इंदूबाईच्या शेतातली. कृषी कार्यालयात दाखवायला चालली होती. त्या वर्षांत कापसावर बोंडअळीनं असा घाला घातला होता की ज्याच्या त्याच्या तोंडी तीच. स्पृहा तिचीच तर वाट अडवायला बसली होती. यवतमाळात टायर-पंक्चरच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन तिनं आणि तिची मैत्रीण ममतानं स्टुडिओ थाटला होता. नाव 'कायले', म्हणजे वऱ्हाडीत 'कशाला'. का, कशासाठी, हे विचारल्याशिवाय काहीच बनवायचं नाही, म्हणून हे नाव. स्पृहा चित्रं आणि रचना करायची, ममता एआयला शिकवायची. शेतकऱ्यानं बोंडाचा फोटो पाठवायचा आणि एआयनं वऱ्हाडीत बोलून सांगायचं, अळी आहे की नाही. असली कामं पुण्याला जाऊन करावीत, असं सगळं गाव तिला सांगून थकलं होतं. तिनं ती मुद्दाम इथेच मांडली.

"तत्त्वज्ञानवाला हवाच होता आम्हाला," उतरताना ती म्हणाली. "भांडायला. शनिवारी या."

तो आला... आणि येतच राहिला.

शनिवारच्या भांडणाची तिथे रीतच होती. यंत्रात, म्हणजे त्या एआयत, नवीन काही घालायचं तर दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं त्या गोष्टीच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरुद्ध. चहा झाला की बाजू बदलायच्या, आणि मघाशी जे खोडून काढलं तेच जीव तोडून मांडायचं. जो अडला तो हरला. अतुल कधी अडत नसे. स्पृहा चिडली की केस वर बांधायची. तो ते बघायला मुद्दाम वाकडं बोलायचा.

"तुमचं भांडण ऐकत बसलं की माहं काम ऱ्हाते," ममता म्हणायची. "लगन करून घ्या, घरी भांडा."

दोघंही ऐकू न आल्यासारखं करायची. आणि दोघांनाही स्वच्छ ऐकू यायचं.

मग एक दिवस इंदूबाईचा फोन आला. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादहीची पूजा झाली होती. दहीभात ठेवला, पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, हळदकुंकू वाहिलं आणि हौसेनं बोंडाचा फोटो पाठवला. यंत्र ठणकावून म्हणालं, गुलाबी अळी आहे, फवारा.

"बापू, म्या तं फवारनीवाल्याले निरोपई धाडला होता," आत्या अतुलला सांगत होती. "मंग पाह्यलं तं कुंकू."

ती हसत होती. इकडे तिघांपैकी कुणालाच हसू येईना. हजारो फोटो दाखवले होते यंत्राला, पण पूजेच्या दिवसाचा एकही नाही. आणि फवारणीचं विष माणसं कशी मारतं, हे यवतमाळात कुणाला सांगावं लागत नाही. त्या शनिवारी खूप भांडून त्यांनी यंत्राला एक वाक्य शिकवलं: "मले नाई समजलं, जानत्याले दाखवा."

नेमकं तेच वाक्य पुण्याच्या एका कंपनीला खुपलं. कंपनीच्या आभा मॅडम फोनवर गोड बोलल्या. यंत्र विकत घेऊ, तुम्ही दोघी पुण्याला या, फक्त ते वाक्य काढा. गिऱ्हाइकाला उत्तर हवं असतं. स्पृहाचे वडील नीळकंठराव तर बॅगही काढून बसले. नाही म्हटलं तर स्टुडिओ उन्हाळा काढेल की नाही, याचीही खात्री नव्हती. ममतानं हात झटकले. "माहं काय, तू जाशीन तिकडं मी. ठरव तू."

शनिवार उजाडला. "आधी मी जाण्याच्या बाजूनं," स्पृहा म्हणाली आणि इतकं बिनतोड बोलली की तिलाच भीती वाटली. अतुल राहण्याच्या बाजूनं तुटून पडला. चहा झाला. बाजू बदलल्या.

"पुणं... चांगलं शहर आहे," त्यानं सुरुवात केली. "तुले तिथं..."

त्यानं कप उचलला, तो रिकामा होता.

"बोल की. अडलास?"

"अडलो. हरलो म्हन." त्यानं मान वर केली. "तू जावं, हे माह्या तोंडून निघत नाई. तू मले आवडते, स्पृहा. त्या काळीपिवळीपासून."

ती हसली नाही, लाजलीही नाही. आनंदानं छाती भरून आली होती आणि रागही आला होता, इतका उशीर केला म्हणून.

"मलाही तू आवडतोस. पण एक ऐकून ठेव, मी तुझ्यासाठी थांबत नाहीये. त्या यंत्रानं कळत नसताना फवारा म्हणावं आणि त्याला माझं नाव असावं, हे मी होऊ देणार नाही. तू नसतास तरी नाहीच म्हटलं असतं."

"मंग मी कायले हाव?"

"नाही म्हणताना बरं वाटतंय... तू समोर असल्यावर."

तिनं तिथल्या तिथे आभा मॅडमना फोन लावला. वाक्य राहील, आम्हीही राहू.

"अहो, पण कारण काय लिहू?" मॅडम गोंधळल्या.

"मुलगी ऐकत नाही, असं लिहा."

फोन ठेवून ती उठली. "चल घरी. बाबांना आत्ताच सांगू, दोन्ही."

"तुमचं घर बामनाचं, आमचं बौद्धाचं. ते आडनाव इचारतीन."

"विचारू दे. मी सांगेन. तुझ्याआधी मी सांगेन."

तिनं त्याचा हात धरला आणि भर दुपारी जिना उतरली. खाली नीळकंठरावांच्या जुन्या ऑफिसातले दोघेजण स्कूटरचं पंक्चर काढून घेत बसले होते. ते बघतच राहिले. अतुलनं हात सोडवून घ्यायला पाहिलं, तिनं तो आणखी घट्ट धरला आणि त्या दोघा काकांना हसून नमस्कार केला... एकाच हातानं. दुसरा मोकळा नव्हता.