डावा ब्रेक

काकूंच्या घरातल्या मोठ्या गाडीचं नाव पहिल्या दिवसापासून हत्तीण. सात माणसं, त्यांच्या पिशव्या आणि खिडकीची जागा न सोडणारा एक कुत्रा, एवढं पोटात घेऊन ती निमूट चालायची. पुढे मुलं आपापल्या गाड्यांना लागली, कुत्रा गेला, आणि गेल्या वर्षी काकाही गेले. उरल्या काकू आणि हत्तीण. दोघींचंही वय झालंय असं मुलाचं मत होतं. त्यातल्या एकीला तरी भंगारात काढता येतं, हेही त्याने शोधून ठेवलं होतं.

"आई, ती गाडी विकून टाक. चालवणार कोण आहे?"

काकूंनी उत्तरादाखल ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी घाम पुसला, दुसऱ्या दिवशी रुमालाऐवजी टॉवेल आणला, आणि शेवटी लायसन्स हातात देताना, "काकू, जरा हळू," एवढंच म्हणाला.

हळू जायला काकूंचा तात्त्विक विरोध होता. काका असताना सगळा जन्म त्यांनी डावीकडच्या सीटवर काढला होता. काका जोरात हाणायचे, आणि काकू डोळे मिटून उजवा पाय जमिनीत रोवायच्या, जणू तिथेच खरा ब्रेक आहे. "लागला आईचा डावा ब्रेक!" असं मागून मुलं ओरडायची. त्या ब्रेकने गाडी एकदाही थांबली नाही. पायाखालच्या रबरी मॅटला मात्र भोक पडलं. आता स्टिअरिंग हातात आल्यावर काकूंना त्या डोळे मिटून बसलेल्या बाईची शरम वाटायची.

आणि नेमकं अशातच हत्तिणीचं दुखणं सुरू झालं. एका सरळसोट रस्त्यावर पुढे रेंगाळणाऱ्या टेम्पोला मागे टाकायला काकूंनी गाडी बाहेर काढली, आणि गाडी मंदावली. टेम्पोवाला हात हलवून निघून गेला. ब्रेकवर काकूंचा पाय नव्हता.

"ब्रेक धरतायत," गॅरेजवाले वस्ताद चाकाजवळ हात नेऊन म्हणाले. आजार ऐकायच्या आधी औषध सांगणाऱ्या जातीतले ते गृहस्थ होते. "तुम्ही पाय काढला की पॅडनी डिस्क सोडली पाहिजे. तुमचे पॅड सोडत नाहीत. लग्नात नवरदेवाच्या मित्रांनी बुफे धरावा तसे धरून बसलेत."

त्यांनी पुढची चाकं काढली, नवे पॅड घातले, पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिना घासून ग्रीस लावलं, मागच्या चाकांचे ब्रेक-लायनरही बदलले. चाक हाताने फिरवून दाखवलं. ते भिंगरीसारखं फिरलं. मग स्वतः गाडी चालवून आणली. काकू शेजारी बसल्या होत्या. हत्तीण लोण्यासारखी पळाली, हवी तिथे थांबली.

"झालं की!" वस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकू एकट्याच निघाल्या आणि पहिल्याच मोठ्या वळणाआधी गाडीने पुन्हा कच खाल्ली. या वेळी त्यांनी खाली पाहिलं. ब्रेकचं पेडल आपणहून खाली जात होतं, सावकाश. कुणीतरी घाबरत घाबरत पाय ठेवावा तसं.

काकूंना भीती वाटली नाही. आधी राग आला.

"अहो," त्या रिकाम्या गाडीत म्हणाल्या, "पाय काढा. जिवंतपणी तुम्ही कधी ब्रेक लावला नाहीत, आणि आता बरा सुचतोय?"

पेडल वर आलं नाही. गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली, तापलेल्या लायनरचा वास काचेतून आत आला, आणि मागच्या गाड्यांनी काकूंच्या लायसन्सबद्दल काय काय म्हणून घेतलं.

शुक्रवारी गाडीची तपासणी होती. जुन्या गाड्यांना ती चुकत नाही. पास झाली तर पुढची काही वर्षं रस्त्यावर, नाही तर सरळ भंगार. मुलाने भंगारवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं. म्हणून गुरुवारी सकाळी काकू पुन्हा गॅरेजच्या दारात उभ्या राहिल्या.

"आता राहिली फक्त ब्रेक ऑईलमधली हवा," वस्ताद म्हणाले. "ती काढायची. बसा स्टिअरिंगवर. मी खालून 'दाबा' म्हणेन. तुम्ही पेडल दाबून 'धरलंय' म्हणायचं. तुमचं 'धरलंय' ऐकलं की मी चाकामागचं निपल, म्हणजे छोटी तोटी, उघडणार, हवा बाहेर जाणार, मी बंद करणार. मग मी 'सोडा' म्हटलं की सोडायचं. त्याआधी सोडलंत, तर बाहेरची हवा आत. सगळं मुसळ केरात."

वस्ताद गाडीखाली सरकले. "दाबा!" "धरलंय!" "सोडा!" असा त्यांचा संवाद छान रंगला. तेवढ्यात मुलाचा फोन आला. "थांबा हो जरा," असं सांगून काकू खाली उतरल्या आणि फाटकाशी जाऊन मुलाशी भांडल्या. भांडण सविस्तर झालं. त्या परत आल्या तेव्हा वस्ताद बाहेर येऊन हात पुसत होते.

"चारही चाकं झाली. काकू, साथ मस्त दिलीत. फक्त 'सोडा' म्हटलं की जरा लवकर सोडत जा."

"मी तर फाटकाशी होते. थांबा म्हणून सांगून गेले होते."

वस्तादांचा हात थांबला. "मग 'धरलंय' कोण म्हणत होतं?"

"कुणाचा आवाज होता? पुरुषाचा?"

"तुमचाच की! जरा..." बोलायला कधीही न अडलेले वस्ताद अडले. "जरा रडवेला. मला वाटलं फोनवर काहीतरी झालं असेल."

"कुठून येत होता?"

वस्तादांनी बोट केलं. डावीकडच्या दाराकडे.

काकूंनी ते दार उघडलं. सीट रिकामी. खाली मॅटला पडलेलं ते भोक. त्याच्या कडेचं रबर ओलं दिसत होतं, जणू आताच कुणाची टाच तिथून उचलली गेली होती. आणि तेव्हा काकूंच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. काका या सीटवर कधी बसलेच नव्हते.

"वस्ताद," त्या दार लावून म्हणाल्या, "गाडीत दोष नाही. उद्या मी जाणार."

"नका जाऊ, काकू."

"का?"

"काही नाही. असंच आपलं."

तपासणीचं मैदान गावाबाहेर होतं. लांब सिमेंटचा पट्टा, टोकाला पांढरी रेघ, रेघेपलीकडे भिंत. तपासनीस हा वाद घालणाऱ्या लोकांनी वाळवून टाकलेला माणूस होता.

"वेग धरायचा. मी टाळी वाजवली की ब्रेक. आधी मंदावली तर नापास, रेघेपुढे गेली तर नापास."

"आणि भिंतीवर गेली तर?"

"तर अर्ज नव्याने," तपासनीस न हसता म्हणाला आणि त्याने पुढचं डावं दार उघडलं. क्षणभर आत पाहिलं. मग, "माफ करा हं," असं म्हणून दार हळूच लावलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसला.

काकूंनी गियर टाकला.

हत्तीण निघाली. इंजिन घोगरं झालं. भिंत मोठी होऊ लागली.

पेडल खाली जायला लागलं.

काकूंनी बुटाचं टोक त्याच्याखाली घालून ते वर रेटलं. पलीकडून जोर आला. तो जोर त्यांच्या ओळखीचा होता. उजव्या पोटरीत, आतल्या बाजूला, त्यांना तो वर्षानुवर्षं माहीत होता.

"सोड," काकू म्हणाल्या.

शेजारून कुणीतरी घाईघाईने श्वास घेतला.

"सोड म्हटलं ना! जन्मभर घाबरलीस ते पुरे झालं. गाडी मी चालवतेय."

पेडल थरथरलं.

वर आलं.

टाळी वाजली. काकूंनी पाय पूर्ण दाबला. हत्तीण नाक खाली करून रेघेच्या अलीकडे सरळ, मुकाट उभी राहिली.

"पास," तपासनीस उतरून खिडकीशी आला. कागदावर शिक्का मारला. "ब्रेक उत्तम. त्या बाईंना मात्र जरा पाणी द्या. पांढऱ्याफटक पडल्यात."

मैदानाच्या फाटकाबाहेर काकूंनी गाडी बाजूला घेतली, वळसा घालून डावं दार उघडलं आणि म्हणाल्या, "उतर."

कुणाचा राग आला तरी चप्पल घालायला वेळ द्यावा, एवढी माणुसकी काकूंमध्ये होती. त्या थांबल्या. थोड्या वेळाने गाडीची डावी बाजू किंचित वर आली, जड माणूस उतरल्यावर येते तशी. काकूंनी दार लावलं आणि मागे वळून न पाहता निघाल्या.

घरी त्या सरळ गेल्या नाहीत. लांबच्या रस्त्याने गेल्या. वाटेत त्यांनी दोन टेम्पो, एक बस आणि एका तरुणाची मोटरसायकल मागे टाकली. तरुणाला वाईट वाटलेलं आरशात स्पष्ट दिसलं. काच खाली होती, केस तोंडावर येत होते, आणि काकू मोठ्याने हसत होत्या.

ऊन कलताना घर आलं. किल्ली फिरली, पण दार हललं नाही. आतून कडी होती.

काकू कडेने खिडकीशी गेल्या. पडदा ओढलेला होता. आत कुणीतरी फोनवर बोलत होतं. घरातल्याच फोनवर, थकलेल्या, गोड, घाबरट आवाजात.

"हो रे बाळा, पोचले. चालतच आले. तुझं बरोबर होतं. नाही झेपत मला. विकून टाक ती गाडी. ...नाही, नाही, मी आता कुठे जातेय? घरीच आहे."

रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. मग स्वयंपाकघराकडे जाणारी पावलं, जपून टाकलेली.

दार वाजवावं असं काकूंच्या एकदा मनात आलं. मग त्या गाडीत येऊन बसल्या, पर्समधून मोबाईल काढला आणि मुलाला लावला.

"गाडी पास झालीय," त्या म्हणाल्या. "विकायची नाही. भंगारवाल्याला सांग, स्वतःचा टेम्पो विक म्हणावं."

पलीकडून मुलगा अतिशय अदबीने, परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "हा माझ्या आईचा मोबाईल आहे. आपण कोण बोलताय?"

काकूंनी खिडकीकडे पाहिलं. आत दिवा लागला होता.

"गाडीची मालकीण," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हँडब्रेक सोडला.